तिसरी हाक

बजाजनगरच्या त्या गल्लीत बद्रीनाथनं एकोणीस घरांसमोर हाका मारल्या आणि एकाही घरातून ओ आली नाही. बरं, घरं काही ओस नव्हती. पहिल्या पाळीची माणसं कंपनीत गेलेली, पण बायका घरातच होत्या. फोडणीचा ठसका तर रस्त्यापर्यंत येत होता. पण त्यानं "अहो आशाबाई!" म्हटलं की आतलं लाटणं थांबायचं. दुसरी हाक गेली की पडद्याखाली दिसणारी पावलं जागच्या जागी थिजायची. पुढं काही नाही.

हाकेला माणसं ओ कशी देतात, हा बद्रीनाथचा संशोधनाचा विषय. हसू नका, असतात असे विषय! मार्गदर्शक काकासाहेब सरांनी पद्धतही घालून दिली होती. दारापासून दहा पावलांवर उभं राहायचं, नाव घेऊन दोनच हाका मारायच्या, मिनिटभर थांबायचं, पुढं जायचं. नावं त्यानं महिला मंडळाच्या फळ्यावरून उतरवून घेतली होती. "आज पाचच्या आत एक तरी ओ रेकॉर्ड करून आण, नाहीतर फेलोशिप दुसऱ्याला," असं सरांनी बजावलं होतं. लासूर स्टेशनहून रोज मोटरसायकल दामटत येणारा बद्रीनाथ दर घरानंतर घड्याळ पाहत होता.

बारा वाजून गेलेले. टळटळीत ऊन, गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. आपण कुणाला दिसतोय तरी का, अशी शंका येऊन त्यानं हळूच स्वतःची सावली पाहिली. होती बापडी, पायाशी, एवढीशी.

विसावं घर शेवटचं. दारात गाडी लावून तो दहा पावलं मागं सरला.

"कस्तुराबाई! अहो कस्तुराबाई!"

मिनिट सरलं. गाडी विसरून तो वळून चार पावलं गेला असेल नसेल, तोच मागून आवाज आला, "ओ! आले, आले!"

दारात सत्तरीची म्हातारी उभी. बद्रीनाथनं पळत येऊन तिचे पायच धरले.

"आजी, देवासारख्या भेटलात! बाकी कुणी ओ देईना."

"कशी देतील? भर दुपारी दोन हाकांपस्तोर तोंड उघडायचं नसतंय. त्या दोन त्याच्या. तिसरी माणसाची."

"त्याच्या म्हणजे?"

"नाव नाय घ्यायचं. आत ये, पाणी पी. आशाबाईचा फोन आलता, 'मावशे, गल्लीत आलंय, आन् समद्यांची नावं ठावं हायती त्याला!' सरूबाईनं तर उंबऱ्यावर मीठ टाकलंय."

म्हणजे तासभर या गल्लीतलं भूत आपणच होतो! बद्रीनाथ खो खो हसला. ओ तर मिळालीच, वर अख्खा नियम हाती लागला. तो भराभरा लिहू लागला.

"तुम्हाला नाही भीती वाटली, आजी?"

"लई वाटली. पर तू तिसरी हाक मारली, आन् जीव भांड्यात पडला."

त्याचं पेन थांबलं. "आजी, मी दोनच मारल्या."

"तीन! बोटांवर मोजल्या म्या."

त्यानं मोबाइलवरचं रेकॉर्डिंग लावलं. पहिली हाक. दुसरी हाक. मग नुसती वाऱ्याची सूं सूं. त्याची चार पावलं. आणि एकदम आजींची ओ.

"मंग तिसरी कुणाची रं?" आजींनी विचारलं.

बद्रीनाथनं रेकॉर्डिंग पुन्हा मागं नेलं. तेवढ्यात बाहेरून हाक आली, "बद्रीनाथ!"

या गल्लीत त्याचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. आजींनीही अजून विचारलं नव्हतं.

"आवाज... आमच्या सरांसारखा आहे," तो कुजबुजला.

"तस्साच काढतंय ते, वळखीचा! गप ऱ्हा."

"अरे बद्रीनाथ!"

त्यानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. आजींनी त्याचा दंड धरला. दोघं तिसरीची वाट पाहत बसले. मिनिट गेलं. तिसरी काही आली नाही. बद्रीनाथ घामानं निथळत होता, पण त्याला हायसं वाटलं.

मोबाइल थरथरला. सरांचा निरोप होता: 'मुदत वाढवून द्यायला मुद्दाम आलो होतो. दारात तुझी गाडी दिसली. दोनदा हाक मारली. संशोधकच ओ देत नसेल तर संशोधन कसलं? फेलोशिप दुसऱ्याला दिली.'

"गेलं का रं ते?" आजींनी हळूच विचारलं.

"गेलं, आजी."

"वाचलास, लेकरा," असं म्हणत आजींनी त्याच्यावरून मीठ ओवाळून टाकलं.