कलम नऊ: बाळाला हात लावू नये

करार लिहावा तर आम्हीच! लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीत करार लिहिता लिहिता माझे केस पिकले. माझ्या कलमांत मुंगी शिरली तर तिला बाहेर पडायला वकील लागतो. त्यामुळे आमच्या मुलीला सांभाळायला येणाऱ्या मावशी "आधी लिहून द्या" म्हणाल्या, तेव्हा मला गुदगुल्याच झाल्या.

मावशींचं म्हणणं साधं होतं. मागच्या घरी त्या बाळासाठी म्हणून लागल्या आणि हळूहळू कुत्र्याची आंघोळ, गाडी पुसणं, मालकांच्या मोज्यांच्या जोड्या जुळवणं, सगळं त्यांच्या गळ्यात पडलं. बाळ कडेवर होतंच. तेव्हापासून तोंडी बोलण्यावरचा त्यांचा विश्वास उडाला होता.

आणि मावशी तर आम्हाला हव्याच होत्या. बायको दातांची डॉक्टर. सोमवारी तिला दवाखाना पुन्हा उघडायचा होता, नाहीतर उरलेसुरले पेशंटही समोरच्या डॉक्टरकडे जाऊन आ करणार होते. मावशींच्या आधी ज्या दोघी येऊन गेल्या, त्यातली एक बाळाच्या आधी झोपली आणि दुसरी बाळ रडलं की स्वतःच रडायला लागली. आमची पिटुकली मला बघूनसुद्धा भोकाड पसरते, पण मावशींच्या चष्म्याची दोरी ओढून ती खुदकन हसली. बायकोच्या डोळ्यांत पाणीच आलं. मला म्हणाली, एक पान लिही, साधं आणि सरळ.

एक पान! एका पानावर वाण्याची यादी लिहितात. मी ऑफिसचा लिफ्टच्या देखभालीचा जाडजूड मसुदा काढला, एक बटण दाबून जिथे जिथे 'लिफ्ट' होतं तिथे तिथे 'बाळ' घातलं, पहिलं पान नजरेखालून घातलं आणि छापून मोकळा झालो. बायकोने चपला घालता घालता सही केली. मावशींनी तो घरी नेला आणि दुसऱ्या दिवशी एक अक्षरही न बदलता सही करून आणला. याला म्हणतात मसुदा!

सोमवारी बायको दवाखान्यात गेली. पहिला दिवस म्हणून मी रजा टाकली होती. दुपारी पिटुकलीने सूर लावला. मी बापाच्या मायेने हात पुढे केले, तर मावशींनी तिला चटकन दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"दादा, कलम नऊ."

कलम नऊ म्हणजे माझं लाडकं कलम. 'अधिकृत व्यक्तीखेरीज कोणीही बाळाला हात लावू नये. लावल्यास देखभाल करणाऱ्याची जबाबदारी त्याच क्षणी संपेल.' इमारतीतल्या हौशी मंडळींनी पाना घेऊन लिफ्टवर चढू नये म्हणून मीच ते घातलं होतं. आणि अधिकृत व्यक्ती म्हणून सही होती एकट्या मावशींची. आता मी पोरीला हात लावला की मावशी पिशवी उचलून चालू पडणार आणि उद्या दवाखान्याला कुलूप! मी हात खिशात घातले.

तेवढ्यात सासूबाई नातीला बघायला आल्या. कलम नऊ त्यांनाही लागू झालं. आपल्याच नातीसमोर हात लांब करून उभं राहायची पाळी त्यांच्यावर आयुष्यात पहिल्यांदा आली असावी. त्यांनी चष्मा लावला, करार उचलला आणि खड्या आवाजात वाचायला सुरुवात केली. बाळात एका वेळी सहापेक्षा जास्त माणसांनी चढू नये. बाळ दोन मजल्यांच्या मध्ये अडकल्यास घाबरून न जाता घंटा वाजवावी. आग लागल्यास बाळाचा वापर टाळून जिन्याने उतरावे.

"जावईबापू, वंगण महिन्यातून एकदा?" सासूबाईंनी पान उलटलं. "आम्ही आमच्या मुलांना रोज तेल लावत होतो."

मावशी खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडतायत बिचाऱ्या.

सासूबाईंनी ही बातमी फोनवरून दवाखान्यात पोहोचवलीच. संध्याकाळी बायको घरी आली, हात धुतले आणि पिटुकलीसमोर नुसती उभी राहिली. मग मावशींना हळूच म्हणाली, "मी घेऊ का हिला?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दिवसभर लोकांच्या दाढा उपटून आलेली बाई, आणि स्वतःच्या लेकीला जवळ घ्यायला परवानगी मागतेय! माझ्या हुशारीपायी! मी करार उचलला आणि फाडायला लागलो. जाड होता, फाटेना.

मावशींनी पिटुकलीला आईच्या कुशीत दिलं आणि करार माझ्या हातातून काढून घेतला. त्या म्हणाल्या, घरी वाचून त्या इतक्या हसल्या की शेजारीण विचारायला आली. पण सही केली, कारण त्यांना बघायचं होतं, लिहिलेलं हे लोक पाळतात की पाहिजे तेव्हा गुंडाळून ठेवतात.

"तुम्ही हात खिशात घातलेत दादा," त्या म्हणाल्या. "तेव्हाच म्हटलं, इथे जमेल."

मग जेवणाच्या टेबलाशी बसून आम्ही एक पान लिहिलं. साधं, सरळ. मावशी फक्त बाळाचं काम करणार. बाळाला ताप आला तर आधी फोन, मग औषध. सुट्टी रविवारी. घोडं अडलं ते निघायच्या वेळेपाशी. मावशींना साडेपाचला निघायचं होतं आणि बायको सातशिवाय सुटत नव्हती. दोघींनी एकदमच माझ्याकडे बघितलं. म्हणून शेवटचं कलम माझ्या वाट्याला आलं: 'बाबांनी साडेपाचला दारात हजर असावे.' वर मावशींनी महिनाभराची परीक्षा ठेवली. मी मोठ्या मनाने म्हटलं, महिनाभर तुमचं काम बघू, मग ठरवू. त्या म्हणाल्या, माझं नाही, तुमचं.

काल परीक्षेचा शेवटचा दिवस. मी ऑफिसातून अक्षरशः पळत निघालो, इमारतीत शिरलो, लिफ्टमध्ये चढलो आणि ती आमच्या मजल्याच्या जरा खाली अडकली. देखभाल आमच्याच कंपनीची! ऑफिसला फोन केला, तर पलीकडचा पोरगा नम्रपणे म्हणाला, साहेब, करारात चार तासांची मुदत आहे, तुम्हीच लिहिलीय.

जाळीच्या दारातून वर बघितलं, तर मावशी पिटुकलीला घेऊन जिन्यात आलेल्या. साडेपाच कधीच वाजून गेले होते. त्यांची पिशवी खांद्याला होती. झालं, संपलं सगळं, मी मनात म्हटलं, आता बायकोला काय सांगू?

मावशी पायरीवर बसल्या आणि पिशवी बाजूला ठेवली.

"तुमच्या धावण्याचा आवाज वरपर्यंत येत होता," त्या म्हणाल्या. "बसते मी तुम्ही सुटेपर्यंत. आणि उद्या येते."

काहीतरी चांगलं बोलावं म्हणून मी जाळीला तोंड लावलं.

"दादा, घाबरून न जाता घंटा वाजवा," मावशी म्हणाल्या.

मी वाजवली. पिटुकली खुदकन हसली. मला बघून, पहिल्यांदाच! मग काय, मेकॅनिक येईपर्यंत वाजवतच राहिलो.