साळिंदराची पोर आणि कंट्रोल व्ही

मुलांनो, ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं मला बजावून ठेवलेलं आहे. म्हणून हळू आवाजात सांगते. जरा जवळ सरका.

एका जंगलात साळिंदराची एक पोर राहत होती. आईबापांनी हौसेने तिचं नाव रेशीम ठेवलं होतं. रेशीम फार लाजरी. कुणी नुसतं "काय गं?" म्हटलं तरी तिचे काटे उभे राहत. मग विचारणारा दोन पावलं मागे सरके आणि बोलणं तिथेच संपे.

अशा पोरीला कॉम्प्युटर आवडला यात नवल नाही. त्याच्याशी बोलावं लागत नाही. दोन बोटं दाबली की काम होतं. कंट्रोल सी म्हणजे मजकूर उचल. कंट्रोल व्ही म्हणजे ठेव. कंट्रोल झेड म्हणजे चुकलं, मागे फीर. तोंडाने बोललेल्यालाही कंट्रोल झेड असतं, तर आपणही चारचौघांत बोललो असतो, असं रेशीमला वाटे.

प्रधान रानडुकराने तिला दरबारच्या सूचना टाइप करायला बसवलं. तिथे तिची खरी मैत्री जमली ती ऑल्ट टॅबशी. ते दाबलं की पुढची खिडकी मागे जाते आणि मागची पुढे येते. पुढे दरबारची सूचना असे. मागे रेशीमची स्वतःची गोष्ट. पावलं वाजली की ऑल्ट टॅब.

एक दिवस पाणवठ्याची सूचना निघायची होती. सूचना गेल्या वर्षीचीच, तारीख तेवढी नवी. रेशीमने ती उचलली. पण ठेवण्याआधी तिला आपल्या गोष्टीतली एक जागा खटकली. तिथला परिच्छेद वर न्यावा म्हणून तिने तोही उचलला. तेवढ्यात खुरं वाजली.

"पोरी, झाली का सूचना? महाराज खोळंबलेत."

"झ... झालीच, प्रधानकाका."

ऑल्ट टॅब. कंट्रोल व्ही. छापायला कंट्रोल पी. प्रधानजी गरम कागद तोंडात धरून गेलेसुद्धा.

मग रेशीमने पडद्याकडे पाहिलं. कंट्रोल व्ही बिचारं शेवटी उचललेलंच ठेवतं. तिथे लिहिलं होतं: 'महाराज सभेत डोळे मिटून विचार करतात. विचारांचा आवाज येतो. घर्र, घर्र. प्रधानजी दर घर्रला मान डोलावतात.'

तिने कंट्रोल झेड दाबलं. पडद्यावरचं गेलं. प्रधानजींच्या तोंडातलं राहिलं.

ती धापा टाकत पाणवठ्यावर पोचली. कागद जांभळीला लागला होता. त्याच्याखाली 'वाचले' म्हणून ठसे उमटत होते. हरणाने खूर उमटवला. माकडाने दोन पंजे उमटवले, एक स्वतःचा, एक मेव्हण्याचा.

"काय लिहिलंय रे?" अस्वलाने माकडाला विचारलं.

"नेहमीचंच. पाणी जपून वापरा."

शेवटी महाराज आले. रेशीमने डोळे घट्ट मिटले. महाराजांनी कागदावर पंजा दाबला. म्हणाले, "वा! दरबारी भाषा अशी हवी." प्रधानजींनी मान डोलावली.

रेशीमचा जीव भांड्यात पडला. काटे खाली बसले.

पण संध्याकाळपर्यंत तिला रडू यायला लागलं. आपलं लिहिलेलं कुणी वाचेल म्हणून ती जन्मभर घाबरली होती. आता ते सगळ्या जंगलासमोर टांगलं होतं, आणि एकालाही त्यातलं घर्र दिसलं नव्हतं. ती उगाच जांभळीभोवती घुटमळली. परिच्छेद बरा होता, असं तिचं नम्र मत होतं.

तेवढ्यात घोरपडआजी आल्या. आजी नजरेने अधू. खोडावर चढून त्यांनी कागदाला नाक लावलं आणि एकेक अक्षर वाचलं. आधी शेपूट हललं. मग त्या इतक्या हसल्या की चार जांभळं खाली पडली.

"अगं बाई, घर्र घर्र! कुणी लिहिलं गं हे? पुढे काय होतं?"

रेशीमने तोंड उघडलं. सगळे काटे ताठ उभे राहिले. आणि तिची दोन बोटं हवेतच दाबली गेली. ऑल्ट टॅब.

"मला काय माहीत, आजी? मी आपली पाणी प्यायला आलेय."

तात्पर्य: मनातलं गुपित जपायचं असेल, तर त्याची सूचना काढून झाडाला लावावी. कुणी वाचत नाही. आणि चुकून कुणी वाचलंच, तर रेशीमसारखं मुळीच करू नये. मान ताठ ठेवावी, समोरच्याच्या डोळ्यांत बघावं आणि सांगावं, की हो, हे मीच...

"शाल्मली! कुणाशी पुटपुटतेयस? निबंध झाला का?"

कुणाशी नाही, आई! थांब हं, एक क्षण. हं, ये आता. हा काय, पडद्यावर निबंधच तर आहे!