भाव इनबॉक्समध्ये

बिबडी वाळताना आधी तिची कड उचलते. ओल्या लुगड्यावर थापलेली ज्वारीची ही गोल चकती पहिल्या उन्हात कुठेच हलत नाही. मग कडेला नखाएवढी जागा सुटते, ती सरकत सरकत पूर्ण वर्तुळ करते, आणि मधला भाग मात्र मऊ, ओला, लुगड्याला चिकटलेलाच राहतो. यावरून असा सर्वसाधारण नियम सांगता येतो की जगातली कुठलीही गोष्ट कडेपासून तयार होते आणि गाभा सगळ्यात शेवटी येतो. आधुनिक व्यापाराने या नियमात एक मोलाची सुधारणा केली आहे. गाभा आला नाही तरी चालते. कडेचा फोटो छान आला पाहिजे.

पारोळ्याच्या सुनंदाबाईंना ही सुधारणा कळायला अंमळ उशीर झाला. त्यांचा धंदा जुन्या पद्धतीचा होता, म्हणजे त्यात माल होता. ज्वारी भिजवायची, आंबू द्यायची, दळायची, लसूण-मिरची-तीळ घालून तिचा घाटा शिजवायचा, गच्चीवर बिबड्या थापायच्या, वाळल्या की पत्र्याच्या डब्यांत भरायच्या आणि आठवडे बाजारात जाऊन बसायचे. गिऱ्हाईक विचारी, "भाव काय शे?" सुनंदाबाई सांगत. गिऱ्हाईक "लई महाग शे" म्हणून दोन पावले पुढे जाई, परत येई आणि घेई. या साऱ्या व्यवहारात एकदाही कुणी कुणाला लाल बदाम पाठवला नाही. (इतक्या मागासलेल्या अवस्थेत माणसे पिढ्यान्‌पिढ्या कशी जगली, हा संशोधनाचा विषय आहे.)

डबे घराच्या पुढच्या खोलीत असत. घरात सुनंदाबाईंचा शब्द चालायचा अशी तेवढी एकच जागा होती. स्वयंपाकघरात सासूबाईंच्या काळापासूनच्या रीती चालत, ओसरीवर यजमानांचे चाले, आणि देवघरात तर कुणाचेच चालत नाही. यंदा यजमानांनी, म्हणजे झुलालभाऊंनी, त्या खोलीकडे नजर वळवली. मोबाइलची कव्हरे विकणारे एक गृहस्थ ती भाड्याने मागत होते.

"अवं समाधाननी माय," झुलालभाऊ म्हणाले, "पाऊसना आधी डबा विकाई गयात, त खोली तुनी. नही त मोबाइलवालानी."

सुनंदाबाईंनी डब्यांवरून एकदा फडके फिरवले.

अशा बिकट प्रसंगी सून धावून आली. समाधानची बायको मोनाली धुळ्याची, वाणिज्य शाखेची पदवीधर, आणि नुकतीच जळगावला 'लघुउद्योगासाठी समाजमाध्यमांचा प्रभावी वापर' या विषयावरची कार्यशाळा करून आलेली. प्रशिक्षक होते स्वप्नील सर. स्वप्नील सर स्वतःही लघुउद्योजकच. त्यांचा उद्योग कार्यशाळा घेण्याचा होता आणि तो अतिशय प्रभावीपणे चालला होता. त्यांची शिकवण थोडक्यात अशी: माल विकू नये, मालाची गोष्ट विकावी. रोज काहीतरी टाकावे, काही घडले नसेल तर हटकून टाकावे. आणि भाव कधीही उघड सांगू नये. कुणी विचारलाच तर 'इनबॉक्समध्ये या' असे लिहावे. भाव कळला की गिऱ्हाईक निघून जाते. न कळला की घुटमळते. आणि घुटमळणारे गिऱ्हाईक मोजता येते.

"घुटमळीसन मंग घेस का?" सुनंदाबाईंनी विचारले.

"आई, आधी रीच म्हणजे बघणारे वाढू द्या. घेणं वगैरे नंतरचं असतं."

पेज निघाले. मोनालीने आपल्या, नवऱ्याच्या आणि सासऱ्याच्या फोनमधल्या झाडून साऱ्या नंबरांना आमंत्रण धाडले. सगळ्यांनी ते स्वीकारले. इथे एक तांत्रिक बाब नोंदवायला हवी. खान्देशातल्या कुठल्याही कुटुंबाच्या फोनमध्ये सोयरे सोडून फारसे कुणी नसते. असलेच तर गॅसवाला.

पहिल्याच दिवशी बिबडीच्या फोटोवर अंगठे आणि बदाम यांचा पाऊस पडला, आणि सुनंदाबाईंना एकदम हायसे वाटले. हा प्रकार त्यांना येत होता. हा तर आहेर होता.

लग्नातल्या टॉवेल-टोपीचे शास्त्र बाहेरच्यांना ठाऊक नसते. आपण त्यांच्या लग्नात टॉवेल-टोपी द्यायची, त्यांनी आपल्या लग्नात द्यायची. त्या टॉवेलने आजवर कुणी अंग पुसल्याचे ज्ञात नाही. घडी न मोडता तो पारोळ्याहून बोदवडला जातो, बोदवडहून रावेरला, आणि काही वर्षांनी दमूनभागून मूळ मालकाकडे परत येतो. त्याच्या अंगी ऊब नसते, तो पाणी टिपत नाही. पण तो दिला नाही तर माणसे तीन पिढ्या बोलत नाहीत. सुनंदाबाईंच्या सासरमाहेरच्या आहेराचा सगळा हिशेब त्यांच्या डोक्यात पक्का होता, आणि बदामांचाही तसाच बसला. बोदवडच्या प्रेमराजने अंगठा दिला, त्याच्या नव्या मोटारसायकलीला अंगठा परत. मावसबहिणीने बदाम दिला, तिच्या नातवाच्या जावळाला बदाम परत, वर 'गोड' असा शेरा, म्हणजे साडीवर खण.

एके दिवशी मोनालीकडून चूक झाली.

"का वं मोनाली, तुनी मायनी आपली बिबडीले बदाम दिधा. आन् तू तिनी रांगोळीले नुसता आंगठा दिधा?"

"आई, ती माझीच आई आहे. तिला काय वाटणार?"

"तुनी माय शे, पन मनी याहीन शे. याहीनबाई काय म्हनतीन? तो आंगठा काढ आन् बदाम घाल."

अंगठा काढून बदाम घालण्यात आला. त्या दिवशी ज्वारी दळायची राहिली.

महिनाअखेर पेजच्या प्रगतीचा आढावा घेतला गेला. अकराशेच्या वर अनुयायी जमले होते. त्यांचे वर्गीकरण केले असता त्यांत सोयरे, सोयऱ्यांचे सोयरे आणि त्या सोयऱ्यांच्या शाळेत जाणाऱ्या मुलांची दोन-दोन खाती एवढ्यांतच गर्दी संपली. बाकी उरले ते तिघे. एक स्वप्नील सर. दुसरा एक गोरा परदेशी सैनिक; त्याला बिबड्यांत नव्हे तर सुनंदाबाईंशी मैत्री करण्यात रस होता. तिसरे करमसिंग पावरा, जळगावात विद्यार्थ्यांची मेस चालवणारे. त्यांनी पहिल्या फोटोखाली एकच शब्द लिहिला होता: 'भाव?'

मोनालीने नियमानुसार उत्तर दिले, 'इनबॉक्समध्ये या, दादा.' करमसिंग आले. पण इनबॉक्समध्ये त्याआधीच सोयऱ्यांची सुप्रभाते येऊन बसली होती. गुलाबाची फुले, वाफाळता चहा, उगवता सूर्य आणि सुविचार यांच्या ढिगाखाली करमसिंग दबून गेले. त्यांनी पुढच्या फोटोखाली लिहिले, 'भाव??' त्याच्या पुढच्या फोटोखाली, 'अहो भाव???' प्रश्नचिन्हांच्या या वाढीबद्दल स्वप्नील सरांनी मोनालीचे खास अभिनंदन केले. गिऱ्हाईक गुंतत चालले आहे, असे त्यांचे मत पडले.

सोयरे मात्र भाव विचारत नव्हते. ते 'आमच्यासाठी ठेवा' असे लिहीत आणि घ्यायला येत. रावेरहून सुकलालमामा आले. येताना त्यांनी केळीचा एक घड आणला, त्याचा फोटो काढून तोही पेजवर टाकायला लावला, गच्चीवर जाऊन अर्धवट वाळलेल्या बिबड्या शेंगदाण्यांबरोबर चवीने खाल्ल्या, आणि निघताना डबा काखेत मारला.

"तुनी रील देखी आन् तोंडले पानी सुटनं, बहीन," ते म्हणाले. "आते घरमाच इतला मोठा धंदा शे म्हटल्यावर दुकानमा कोन जाई?"

सोयऱ्याला भाव सांगणे म्हणजे जेवायला बसलेल्या पाहुण्याच्या ताटाशेजारी बिल ठेवणे. सुनंदाबाईंनी जन्मात असे केले नव्हते. पूर्वी त्यांच्या धंद्याला दोन दारे होती. बाजाराच्या दाराने परके येत, ते पैसे देत. घराच्या दाराने सोयरे येत, ते आशीर्वाद देत. पेजने दोघांनाही एकाच सतरंजीवर आणून बसवले. आता परक्याला भाव सांगावा तर सोयऱ्याने ऐकला, आणि सोयऱ्यापासून लपवावा तर परका 'भाव????' करीत बसला. त्यामुळे स्वप्नील सरांचा नियम सुनंदाबाईंना अतिशय सोयीचा वाटू लागला. जे बोलायची आपल्याला लाज वाटते त्याला शहरात धोरण म्हणतात, हे त्यांना नव्यानेच कळले होते.

बाजारात जाणे तर केव्हाच थांबले होते. सकाळचे ऊन आता रीलसाठी राखीव असे.

आणि एक दिवस झुलालभाऊ पुढच्या खोलीत डोकावले, तर फळ्या रिकाम्या.

"अवं! बठ्ठा डबा विकाई गयात?"

"विकाया नहीत. गयात."

"गयात म्हंजे?"

"सोयरासकडे."

झुलालभाऊ न्यायी गृहस्थ होते. "मंग अट काही पुरी झायी नही," ते म्हणाले, "पन खोली त खाली झायी. मोबाइलवालाले आजच बलावस."

म्हणजे पेज चालले नसते तर माल खोलीत राहिला असता आणि खोली गेली असती. पेज चालले, त्यामुळे माल गेला आणि खोलीही चालली. समाजमाध्यमांच्या ताकदीचा याहून स्वच्छ पुरावा सापडणे कठीण.

कोपऱ्यात, खाली जमिनीवर, अजून चार डबे उरले होते. आकाशात ढग जमू लागले होते, गच्चीवर आता नवे वाळवण घालण्यात अर्थ नव्हता, आणि पुढच्या हंगामाची ज्वारी घ्यायची तर याच चार डब्यांचे पैसे हातात यायला हवे होते. मोनालीने स्वप्नील सरांना फोन लावला. सरांनी क्षणात उपाय सांगितला: थेट प्रक्षेपण. आईंनी स्वतः बोलावे. डोळ्यांत पाणी आल्यास उत्तम.

प्रक्षेपण त्याच खोलीतून झाले. मोनालीने फोन रिकाम्या फळीवर उभा केला. दाराशी झुलालभाऊ आणि कव्हरवाले गृहस्थ उभे होते. गृहस्थ हाताच्या वितीने फळ्या मोजत होते. सुनंदाबाई चार डब्यांजवळ बसल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि ज्वारी कशी भिजवतात ते सांगू लागल्या. पडद्यावर बदाम तरंगू लागले. बघणाऱ्यांचा आकडा वाढत गेला. 'छान', 'मस्त', 'आपली संस्कृती', 'अभिमान वाटतो', 'तोंडाला पाणी सुटले'. प्रेमराजने एकाच दमात सात अंगठे पाठवले.

मग धुळ्याहून रत्नाबाईंनी, म्हणजे खुद्द विहीणबाईंनी, लिहिले: 'उरलेले चारही डबे आमच्याकडेच पाठवा. पाहुणे येणार आहेत.'

त्याच्या बरोबर खाली करमसिंग: 'मेससाठी चारही डबे लागतात. दर महिन्याला लागतील. भाव सांगा, शेवटचं विचारतोय.'

सुनंदाबाईंनी दोन्ही ओळी वाचल्या. बदाम तरंगत राहिले, कारण गप्प बसलेल्या बाईलाही बदाम देता येतो. फोनमागून मोनाली आवाज न करता ओठांनी 'इन-बॉक्स, इन-बॉक्स' असे म्हणत होती. दाराशी कव्हरवाले गृहस्थ झुलालभाऊंना विचारत होते, "इथे काचेचं कपाट बसेल ना, भाऊ?"

"बसी ना," झुलालभाऊ म्हणाले.

सुनंदाबाईंनी मान वर केली. फोनच्या एवढ्याशा भिंगाकडे त्या रोखून पाहू लागल्या. पलीकडे नेमके कोण बसले आहे ते त्यांना दिसत नव्हते. पण कुणीतरी आहे, मघापासून आहे, मजेत आहे, आणि अजून एक पैसाही दिलेला नाही, एवढे त्यांना पक्के ठाऊक होते.

"तीनशे वीस रुपया किलो शे," त्या म्हणाल्या. "परकासले बी तोच भाव, सोयरासले बी तोच. याहीनबाई, तुमले बी तोच. आन् जे इतला येळ बठीसन नुसता देखी राह्यनात, त्यासनी बी सांगा: पैसा देशात, का तुमी बी मना सोयराच शेतस?"