गाडीच्या शिट्टीचं शास्त्र

गाडीच्या वायपरमधलं माझ्याइतकं अख्ख्या बदलापुरात कुणाला कळत नाही, हे मी छातीठोकपणे सांगते! सव्वीस व्हिडिओ पाहिलेत. त्यातला एक जर्मन होता, तोही शेवटपर्यंत!

पाहावेच लागले. सत्तेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकले, जुनी का होईना स्वतःची घेतली, आणि ती साठच्या पुढे गेली की कुकरसारखी शिट्टी मारू लागली! दर रविवारी सासूबाईंना मागे बसवून आम्ही उल्हासनगरला नणंदेकडे जातो. जाताना शिट्टी, येताना चिडीचूप. "येताना वारा पाठीमागून असतो," असं मी आमच्या ह्यांना, म्हणजे शिवरामना, समजावलं होतं.

या रविवारी ह्यांनी निघतानाच हुकूम सोडला. "प्रीती, आज वाजली तर चावी दिपेशला."

दिपेश म्हणजे नणंदेचा दीर. गाडी घ्यायला टपूनच बसलेला! गाडी गेली की मी पुन्हा ह्यांच्या स्कूटरवर, मांडीवर पिशव्या घेऊन.

पण माझी तयारी पक्की होती. वायपर बॉनेटच्या आडोशाला नीट बसला नाही की वारा त्याच्यावर आपटतो, भोवरे होतात आणि भोवरे शिट्टी मारतात. म्हणून मी उल्हासनगरहून पंखवाले वायपर आणून बसवले होते. दुकानदार म्हणाला होता, "दीदी, हवा इसको दबाके रखेगी. एकदम शांती!"

अंबरनाथ एमआयडीसीचा रस्ता मोकळा मिळाला. पन्नास... साठ...

शिट्टी!

"शांती आली वाटतं," हे म्हणाले.

मी गाडी बाजूला घेतली, दोन्ही वायपर दांड्यांसकट उपटले आणि सासूबाईंच्या मांडीवर ठेवले. "आता काय वाजतं बघूच!"

साठ. शिट्टी! आधीपेक्षा सुरेल!

तेवढ्यात पुढच्या टँकरने खड्ड्यातला सगळा चिखल आमच्या काचेवर ओतला. मी सवयीने वायपरचं बटण दाबलं. वायपर सासूबाईंच्या मांडीवर! कशीबशी गाडी थांबवली. हे उतरून रुमालाने काच पुसू लागले. रुमाल झटकायला मागे गेले आणि तिथेच थबकले.

"आई, मागच्या खिडकीला ऊन अडवायला लावलेल्या या जाळीमागची काच बोटभर उघडी कशी? आणि वास कसला येतोय?"

सासूबाईंनी पायाने एक पिशवी हळूच सीटखाली सरकवली. उशीर झाला होता. सुकट!

"लेकीला नेतंव गो दर रविवारी," त्या पुटपुटल्या. "तुला वास येव नये म्हून काच उघडी ठेवते. गारीत मासली नको, ह्यो नियम तुजाच ना?"

माझाच! स्केचपेनने लिहून डॅशबोर्डवर चिकटवलाय! येताना पिशवी रिकामी, काच बंद. आणि मी ह्यांना वाऱ्याची दिशा शिकवत होते!

काच वर केली. साठ, सत्तर... शिट्टी गायब! ह्यांनी स्वतःहून दिपेशला फोन लावला, "गाडी नाही विकत रे." माझा जीव भांड्यात पडला.

पण त्या शांततेत हे बोलू लागले. "सव्वीस व्हिडिओ! एकदा मागे वळून बघितलं असतंस तर? जर्मनला काय सुकट कळणार?" वर सुकटीचा वास नाकात!

दोन किलोमीटर सोसलं. मग तो डॅशबोर्डवरचा कागद फाडून टाकला आणि म्हटलं, "आई, ती काच... जरा बोटभर खाली घ्या."

शिट्टीत ह्यांचं अक्षरही ऐकू येत नव्हतं!