सासूबाईंच्या लग्नातले शॉकअप

सासूबाईंनी एकोणऐंशीव्या वर्षी पुन्हा लग्न करायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यांनी त्यांचं अभिनंदन केलं. मी तेवढं विचारलं, "आणि गाडीचं काय?"

त्यावर ग्वेंडाने, म्हणजे माझ्या बायकोने, माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी पंचवीस वर्षांच्या संसारात बरीच पाहिली आहे, पण प्रश्न योग्यच होता. नवरे काय, येतात आणि जातात. ती गाडी मात्र एकच होती. गडद हिरवी, दोनच सीटांची, वर कापडी टप, आणि दार उघडताना असा आवाज की वाटावं, आपण कोणीतरी आहोत. माझ्या सासऱ्यांनी, हेडलींनी, ती तरुणपणी कोरी घेतली होती. ते गेल्यापासून ती सासूबाईंच्या गॅरेजात होती आणि दर रविवारी मी जाऊन ती पुसत होतो. (माझी स्वतःची गाडी पावसात धुतली जाते. इंग्लंडातल्या आमच्या हेरफर्डशायरमध्ये ती सोय चांगली आहे.) ग्वेंडा एकुलती एक. म्हणजे आज ना उद्या गाडी माझीच, असं मी धरून चाललो होतो. आणि आता मधेच हे कथबर्ट उपटले. निवृत्त दंतवैद्य, स्वभावाने सज्जन, आणि दुर्दैवाने गाडी चालवायचा परवाना असलेले.

मी मनाशी ठरवलं, लग्नाच्या दिवशी सासूबाईंना याच गाडीतून चर्चला न्यायचं. आणि असं न्यायचं, की चर्चच्या पायरीवरच त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली पाहिजे.

अडचण एवढीच होती की गाडीच्या स्प्रिंगा बसल्या होत्या. हेडली वजनदार गृहस्थ, त्यामुळे गाडी चालकाच्या बाजूला कलली होती. (ही परंपरा मी पुढे चालवली असं ग्वेंडाचं म्हणणं आहे.) ब्रेक लावला की गाडी नाक खाली घालायची, रस्त्यात काहीतरी पडलंय आणि ते शोधतेय अशी. वळणावर होडीसारखी डुलायची. सासूबाई गाडीतून उतरल्या की कमरेवर हात ठेवून काही वेळ उभ्या राहायच्या, आणि त्यांची कंबर हा आमच्या घरात हवामानाच्या खालोखाल महत्त्वाचा विषय होता.

"नवीन स्प्रिंगा घाल," ग्वेंडा म्हणाली. "पण मऊ घे. आईची कंबर लक्षात ठेव."

एका दुपारचं काम, असं मला वाटलं. वास्तविक मला कळायला हवं होतं. मी जिल्हा कचेरीत पाऊलवाटा खात्यात कारकून आहे. शेताच्या कुंपणाला कडी डावीकडून लावावी की उजवीकडून, यावर आम्ही एक अख्खा हिवाळा काढला आहे.

सल्ला घ्यावा म्हणून मी जुन्या गाड्यांच्या क्लबात गेलो. हा क्लब म्हणजे पबच्या मागच्या खोलीत बसणारी काही मंडळी, ज्यांच्या बायकांना त्यांनी तिथेच बसावं असं वाटतं. त्यातले दोन जाणकार. ऑब्री हा भूगोलाचा निवृत्त मास्तर, पण बिअर पितानासुद्धा शर्यतीचे हातमोजे घालून बसतो. त्याच्या मते गाडी एक इंच खाली बसवावी, स्प्रिंगा दगडासारख्या कडक घ्याव्यात आणि गाडी रस्त्याला घोरपडीसारखी चिकटावी. दुसरा पर्सी. त्याच्या मते कारखान्यातून जे आलं तेच पवित्र. तशाच्या तशा स्प्रिंगा, धक्के झेलणारे शॉकअप तसेच, तसाच रंग. टायरमध्ये हवासुद्धा त्या काळातली मिळाली तर त्याला हवी आहे. दोघांचं कधीतरी एका बोल्टवरून बिनसलं, तेव्हापासून ते एकमेकांशी थेट बोलत नाहीत. मधे कोणीतरी लागतं. त्या संध्याकाळी मी होतो.

पर्सी म्हणाला, ऑब्रीला सांग की गाडी खाली बसवणं म्हणजे आजीला तोकडा झगा घालणं. ऑब्री म्हणाला, पर्सीला सांग की त्याची गाडी बघून लोक हळहळतात, ते कौतुकाने नव्हे. मी दोन्हीकडे मान डोलावली. आमच्या खात्यात यालाच विचारविनिमय म्हणतात. घरी आलो तेव्हा मला पूर्वीपेक्षा कमी कळत होतं.

शेवटी मी सरळ सुटे भाग विकणाऱ्याला फोन लावला. ग्वेंडा स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती आणि दार उघडं होतं. माणूस मोठा शांत होता. त्याने विचारलं, "गाडी कशी चालवता?"

"म्हणजे?"

"सावकाश, जोरात, की शर्यतीत?"

आता 'सावकाश' हा शब्द तसा निरुपद्रवी आहे. पण परक्या पुरुषाला फोनवर तो सांगून बघा. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "तशी जोरातच."

स्वयंपाकघरात बटाटे सोलायचा आवाज थांबला. (त्याच आठवड्यात एका ट्रॅक्टरने मला मागे टाकलं होतं, आणि वर त्या माणसाने सहानुभूतीने हात हलवला होता.)

तो म्हणाला, मग एक इंच खाली बसणाऱ्या कडक स्प्रिंगा घ्या. मी खालच्या आवाजात म्हणालो, "पण त्यात सासूबाई बसणार आहेत."

पलीकडून प्रश्न आला, "शर्यतीत?"

"लग्नात."

"अच्छा. अभिनंदन. तुमच्या?"

"त्यांच्या."

तो खोकला. मग त्याने मला वाट दाखवली. म्हणाला, स्प्रिंगा कडक असू द्यात, पण शॉकअप कमीजास्त करता येणारे घ्या. प्रत्येकाच्या खाली एक बटण असतं. इकडे फिरवलं की कडक, तिकडे फिरवलं की मऊ.

मला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली. निर्णय न घेता निर्णय घेतल्याचं समाधान देणारी वस्तू बाजारात मिळते, आणि आमच्या खात्याला अजून त्याचा पत्ता नाही. मी दोन्ही मागवलं. ग्वेंडाला सांगितलं की मऊ होतात. यात खोटं काहीच नव्हतं. होतात.

मेकॅनिककडून गाडी आली ती न कलता सरळ उभी, खाली बसलेली, उंदरावर झडप घालायच्या बेतातल्या मांजरीसारखी. ऑब्री बघायला आला आणि त्याने चक्क हातमोजे काढले. पर्सीही आला. मयताला आल्यासारखी टोपी काढून उभा राहिला आणि चहा न घेताच गेला. त्याचा चहा ऑब्रीने प्यायला.

लग्नाच्या सकाळी मी सूट घातला, खाली वर्तमानपत्र अंथरलं आणि गाडीखाली सरकलो. बटणावर एका बाजूला अधिकची खूण होती, दुसऱ्या बाजूला उण्याची. मी चारही बटणं अधिककडे, पार शेवटपर्यंत फिरवली. अधिक म्हणजे अधिक आराम. याहून वेगळा अर्थ ज्याला सुचेल त्याने सरकारी नोकरी केलेली नाही. उठून मी गाडीच्या नाकावर हात ठेवून दाबून पाहिलं. ती तसूभरही हलली नाही. मला वाटलं, वा, काय भक्कम बसवलंय.

सासूबाई तयार होऊन आल्या. जांभळट सूट, पिसाची हॅट, हातात फुलांचा गुच्छ. एका बाजूने मी आणि दुसऱ्या बाजूने ग्वेंडाने धरून त्यांना गाडीत बसवायला घेतलं. त्या खाली गेल्या, आणखी खाली गेल्या, तरी सीट येईना. "अजून आहे का?" त्यांनी विचारलं. शेवटी आली. ग्वेंडा आमच्या गाडीतून पुढे चर्चला गेली. जाताना मला एवढंच म्हणाली की आईला काही झालं तर मी घरी नाही आलो तरी चालेल.

फाटकातून बाहेर पडताना चाकाखाली एक खडा आला. तो मला दाढेत जाणवला. पुढे रस्त्यातच आडवी बसवलेली, गुरं अडवायची लोखंडी गजांची जाळी होती. तिच्यावरून जाताना मी "आई, ठीक आहात ना?" असं विचारलं, पण त्या चार शब्दांचे पंचवीस झाले. सासूबाईंची नजर समोर, ओठ घट्ट मिटलेले, हॅटवरचं पीस थरथरतंय. मी वेग कमी केला. मग आणखी कमी केला. त्याने एकच झालं, आधी खड्डे एकत्र लागत होते, ते आता एकेक करून भेटायला यायला लागले. कुत्रं फिरवायला निघालेली एक बाई आम्हाला मागे टाकून गेली. कुत्रं म्हातारं होतं.

अशा रीतीने आम्ही ओढ्यावरच्या दगडी पुलापाशी आलो. पूल उंटाच्या पाठीसारखा. पुलाच्या अलीकडेच मी गाडी थांबवली, कारण पलीकडे काय होणार ते मला स्वच्छ दिसत होतं. कंबर जाणार. नवरी स्ट्रेचरवरून चर्चमध्ये जाणार. मग गाडी जाणार, बायको जाणार. 

"बर्नार्ड," सासूबाई म्हणाल्या, "गाडीला काय केलंस?"

मी सगळं सांगून टाकलं. ऑब्री, पर्सी, फोन, आणि ते अधिक, जे आरामाचं नसून कडकपणाचं निघालं. म्हणालो, आत्ता रस्त्यावर आडवा पडतो आणि बटणं उलटी फिरवतो.

"हात लावू नकोस."

त्यांनी समोरच्या पुलाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "हेडलीने गाडी आणली त्या दिवशी ती अशीच होती. आम्ही वेल्सच्या डोंगरात गेलो होतो. रस्त्यातला खडा न खडा कळायचा. मग दरवर्षी थोडी थोडी बसत गेली. तोही बसत गेला. मला वाटलं, वय झालं की सगळं असंच मऊ होत जातं."

  एरवी असल्या वेळी मी हवामानावर बोलतो. पण ते जमलं नाही.

"उतर," त्या म्हणाल्या.

"आई?"

"उतर आणि या बाजूला ये. ही फुलं धर."

"पण तुमची कंबर..."

"कंबर दुखते ती या सीटवर बसून तुझं गाडी चालवणं बघून."

मी माझ्या दाराची कडी शोधेपर्यंत त्या उतरून, वळसा घालून माझ्या डोक्यावर उभ्या होत्या. हात द्यायला कोणी लागलं नाही. उलट मला बाहेर ओढायला त्यांनीच हात दिला.

पुलावर चारही चाकं जमिनीवरून सुटली. ऑब्री म्हणतो हे शक्य नाही, पण ऑब्री तिथे नव्हता. टप उघडा होता, माझी हॅट ओढ्यात गेली. शेतातल्या मेंढ्या एकगठ्ठा दुसऱ्या कोपऱ्यात गेल्या. आणि सासूबाई हसल्या. हेडली गेल्यापासून मी त्यांना स्मित करताना पाहिलं होतं, पण हे तसलं नव्हतं. हे पोटातून आलेलं, मान मागे टाकून हसणं होतं. वळणं त्यांनी अशी घेतली की मी गुच्छ दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि डोळे मिटले. लहानपणची एक प्रार्थना मला शब्दन् शब्द आठवली.

चर्चच्या दारात पाहुणे दोन रांगा करून उभे होते. गाडीचं दार उघडलं की आत ऑर्गन सुरू करायचा, असं ठरलेलं. खडी उडवत गाडी थांबली आणि दार उघडलं ते माझं, कारण मला ताबडतोब बाहेर पडायचं होतं. ऑर्गन सुरू झाला. केस उभे, चेहरा पांढरा, छातीशी फुलं, असा मी उतरलो, आणि आमचे पाद्री, ज्यांना लांबचं कमी दिसतं, पुढे झाले, माझ्यासमोर आदराने झुकले आणि त्यांनी मला आपला हात दिला. मी घेतला. दुसरा आधार नव्हता. आम्ही बरेच आत गेलो. शेवटी कथबर्टनीच मला थांबवलं आणि हळू आवाजात विचारलं, जबडा दुखतोय का. चांगला माणूस.

लग्न लागलं. जेवणं झाली. मग नवरानवरी त्याच गाडीतून स्कॉटलंडला निघाली. सासूबाई स्टिअरिंगवर, कथबर्ट शेजारी. जाताना सासूबाई मला म्हणाल्या, "आल्यावर गाडीचं तुझ्याशी बोलायचंय." माझ्या दृष्टीने विषय मिटला. ते परत येईपर्यंत मी आमचं गॅरेज रिकामं केलं, भिंतीला पांढरा रंग दिला आणि कातडी हातमोजे आणले. ते कशाला, असं ग्वेंडाने विचारलं. बागकामाला, मी म्हणालो.

परतल्यावर ती दोघं चहाला आली. सासूबाईंचा चेहरा वाऱ्याने लाल झाला होता, दहा वर्षांनी लहान दिसत होत्या. कथबर्टनी चहा उभ्यानेच घेतला. खुर्ची पुढे केली तर म्हणाले, नको, असाच बरा आहे.

मग सासूबाईंनी पर्स उघडली. "बर्नार्ड," त्या म्हणाल्या, "त्या गाडीसाठी तू जे केलंस ते मी विसरणार नाही. म्हणून आम्ही दोघांनी ठरवलं." आणि त्यांनी माझ्या तळहातावर किल्ली ठेवली.

मी मूठ मिटली. दोन शब्द बोलावेत म्हणून उभा राहिलो. हेडलींचं स्मरण केलं, वारसा, जबाबदारी वगैरे बरंच बोललो. बोलताना ग्वेंडा मला सारखी खुणावत होती, तेव्हा मूठ उघडून पाहिली. किल्लीच्या छल्ल्याला प्लॅस्टिकची दाढ लटकत होती.

"कथबर्टची गाडी," सासूबाई म्हणाल्या. "आता तिचं आम्हाला काय काम? चार दारांची आहे, मऊ आहे. तुला झेपेल."

माझ्या वतीने ग्वेंडाने आभार मानले.

आता मी त्याच गाडीने कचेरीत जातो. रंग पाणी जास्त झालेल्या चहासारखा आहे. रस्त्यात ऑब्री भेटला तर तो दुसरीकडे बघतो. पर्सी म्हणतो, निदान जशी आली तशी तरी आहे. किल्लीची दाढ बघून शेजारणीला वाटतं मी दातांचं काही करतो, ती कुंपणावरून तोंड उघडून दाखवते. आणि हे बाहेर कुठे बोलू नका, ऑब्रीच्या कानावर तर मुळीच जाऊ देऊ नका, पण गाडी फार छान आहे. खड्डा आला तरी कळत नाही.