चार व्हॉल्व्ह आणि आखाजीचे आंबे

आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे, आंबे घेऊन छगन दुपारी धरणगावहून येणार होता, आणि रेडिओ वाजला नाही तर रेडिओच घेऊन परत जाणार होता. रेडिओ छगन आणि बेबाबाई यांच्या वडिलांचा. कडी धरून शेतावर नेता येणारा, बॅटरीवर चालणारा, आत काचेचे चार व्हॉल्व्ह असलेला. "वाजता ठेवशी तर तुना, अक्का, नही तर मना," असा करार वडील गेल्यावर बहीणभावांत झाला होता. दर आखाजीला त्याची तपासणी होई. यंदा रेडिओ मुका होता.

बेबाबाईंचे पती रतिलाल यांनी ठिबक सिंचनाच्या दुकानात काउंटरवर एकवीस वर्षे काढली होती. जगातील प्रत्येक वस्तू अखेर नळी, जोड आणि दाब यांचीच बनलेली असते, असे त्यांचे मत होते. ते खोडून काढण्याची संधी आजवर कोणत्याही वस्तूला देण्यात आली नव्हती.

"दोन बॅटऱ्या लागतात, रतिलालभाऊ," जुने रेडिओ दुरुस्त करणारा इसाक फोनवर म्हणाला. "एक दीड व्होल्टची, टॉर्चचा सेल चालेल. दुसरी नव्वदची, ती आता मिळत नाही. नऊच्या दहा एकापुढे एक जोडायच्या. पण तुम्ही हात लावू नका, मी संध्याकाळी येतो."

"जोडायचं मला सांगता, इसाकभाई?"

आत दोन वायरी जाड होत्या, दोन बारीक. मुख्य नळी जाड असते आणि दाबही तिच्यातच जास्त असतो. या निर्दोष तर्काने रतिलालांनी नव्वद व्होल्ट जाड वायरींना दिले. चारही काचा क्षणभर लखलखल्या आणि कायमच्या विझल्या.

"पाडलात उजेड," बेबाबाई म्हणाल्या.

इसाकने फोनवर उसासा टाकला. "चारही व्हॉल्व्ह उडाले. अब्बांच्या जुन्या डब्यात बघतो, असतील तर."

"व्हॉल्व्हसाठी तुम्ही कशाला त्रास घेता? अख्खं आयुष्य मी तेच विकले."

तासाभरात रतिलालांनी प्लास्टिकचे चार काळे व्हॉल्व्ह रेडिओशेजारी मांडले. "सोळा एमएम. थेंब गळणार नाही."

"अहो, ते काचेचे होते."

"तेव्हा प्लास्टिक नव्हतं."

या उत्तरावर बेबाबाई काही बोलणार, तोच दारात आंब्यांची पेटी आणि तिच्यामागे छगन अवतरला. खांद्यावर रेडिओ बांधून नेण्याजोगे धोतरही होते.

"वाजस का?"

बेबाबाईंनी रेडिओच्या कडीवर हात ठेवला. छगन पुढे आला, वाकला आणि तसाच थांबला.

"ह्या वॉल कथाईन आनात, दाजी? आठ दिन व्हयनात, मन्या केळीन्या चार ओळी कोरड्या शेतस. धरणगावले एक वॉल भेटना नही."

"रेडिओचे आहेत," रतिलाल ताठपणे म्हणाले.

"त्याचेच आहेत," बेबाबाई घाईने म्हणाल्या. "पण तू ने. तुझ्या केळीपेक्षा का रेडिओ मोठा आहे?"

छगनने चारही व्हॉल्व्ह धोतरात बांधले. एवढ्या मोठ्या मनाच्या बहिणीपुढे रेडिओचा विषय काढणे त्याला बरे दिसेना. चहा न घेताच तो पाण्याच्या काळजीने निघाला.

संध्याकाळी इसाक कापसात गुंडाळलेल्या काचा घेऊन आला. सेल जाड वायरींना लागला, दहा बॅटऱ्या बारीक वायरींना. थोडी खरखर झाली, मग कोणीतरी शांतपणे बाजारभाव सांगू लागले.

"बघितलंत?" रतिलाल म्हणाले. "व्हॉल्व्हचाच दोष होता."

बेबाबाईंनी दोघांपुढे आमरसाच्या वाट्या ठेवल्या.

"पुढच्या आखाजीला अजून चार आणून ठेवा," त्या म्हणाल्या. "सोळा एमएमचे."