समोरच्या दुकानातली मोहिनी

माझी नजर घारीची, नाक तीक्ष्ण आणि बुद्धी इतकी धारदार की टोपी घालतानासुद्धा जपावं लागतं. मी खासगी गुप्तहेर. मदतनीस माझ्या सासूबाई. त्यांना मी नेमलं नाही. त्या राहायला आल्या आणि कामाला लागल्या.

मंगळवारी सकाळी नव्या चकचकीत दुकानाचा मॅनेजर रडकुंडीला येऊन दारात उभा राहिला.

"साहेब, माझ्याकडे गार हवा, मंद संगीत, चाकांच्या टोपल्या. तरी लोक समोरच्या जुनाट किराणा दुकानात शिरतात! महिनाअखेरपर्यंत गिऱ्हाईक वाढलं नाही, तर माझी नोकरी गेली."

"यात काहीतरी काळंबेरं आहे," मी म्हणालो.

"किराणा दुकान आहे. काळी मिरी असेल," सासूबाई म्हणाल्या.

आम्ही तिघं जुन्या दुकानात गेलो. मी साबणाच्या खोक्यांआड दबा धरला. बाहेर पडणारा प्रत्येक जण खूश! म्हणजे दुकानदार मोहिनी घालतो. खात्री करायला मी त्याच्या डोळ्यांत रोखून पाहिलं.

"डोळ्यात काही गेलंय का?" त्याने काळजीने विचारलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

मोहिनी नाही, तर भुयार! मी पोत्यांमागे हात घातला. पोतं कलंडलं. पिठातून पांढराफटक उठून मी तिसरा तर्क मांडणार, एवढ्यात सासूबाई रिकाम्या हातांनी आल्या.

"वाटाणे मागितले, तर म्हणतो, 'आजी, हे नेऊ नका, शिजत नाहीत. परवा नवे येतील.' परवा यायला हवं."

मॅनेजर चक्रावला. "म्हणजे हा गिऱ्हाईक परत पाठवतो?"

"हो. म्हणून तर ते परत येतं."

मॅनेजर रस्ता ओलांडून आपल्या दुकानात गेला.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या दुकानात पाळतीवर होतो. एका बाईंच्या टोपलीतून त्याने बिस्किटांचा पुडा उचलला.

"ताई, हा राहू द्या. मऊ पडलाय."

बाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "मग चांगलं काय आहे?"

त्याने दुकानभर नजर फिरवली. "थांबा, बघून सांगतो."

बाई थांबल्या. हळूहळू बरेच जण थांबू लागले आणि नोकरी टिकली. आभार मानायला तो फुलं घेऊन आमच्याकडे आला. मी नम्रपणे दोन्ही हात पुढे केले.

तो म्हणाला, "आजी आहेत का घरात?"